कस्तुराच्या डोक्यावरचं ओझं

भीमराज ओव्हाळला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर 'तुझं यंत्र कामावर झोपा काढतं' या वाक्याचा. यंत्र झोपत नव्हतं. यंत्र झाडत होतं. झोपणं आणि झाडणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्या माणसाला पिंपरीतल्या एवढ्या मोठ्या कारखान्याचा वर्क्स मॅनेजर कुणी केलं, हे भीमराजला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही कळलेलं नाही. पण अण्णासाहेब वर्क्स मॅनेजर होते, त्यांच्या केबिनला मोठी काच होती, आणि त्या काचेतून नेमकी कॉम्प्युटरची खिडकी दिसायची. सगळी भानगड त्या काचेमुळे झाली.

तेव्हा एक्याऐंशी साल चालू होतं. कंपनीत कॉम्प्युटर होता, म्हणजे लोखंडी कपाटाएवढं एक धूड होतं. अख्ख्या कारखान्यात थंड हवेचं यंत्र दोघांनाच, एक अण्णासाहेबांना आणि एक कॉम्प्युटरला, आणि त्यातलं अण्णासाहेबांचं कायम बिघडलेलं असायचं. त्यामुळे त्यांचं कॉम्प्युटरशी मुळातच पटत नव्हतं. रोज सकाळी शिफ्ट लागली की कामगार खिडकीपुढे रांग लावायचे आणि कॉम्प्युटर प्रत्येकाला छापील चिठ्ठी द्यायचा: कुठला पंप, त्याचं कुठलं काम, कुठल्या खात्यात. हा प्रोग्राम भीमराजने लिहिला होता. नुसता प्रोग्राम नाही, तो ज्या भाषेत लिहिला ती कॉम्प्युटरची भाषासुद्धा त्यानेच बसवली होती. इतर भाषांमध्ये असं असतं की आपण मेमरीत जो पसारा मांडला तो आपणच आवरायचा. भीमराजच्या भाषेत तसं नव्हतं. तुम्ही खुशाल मांडा, टाका, निघून जा, भाषा मागून येऊन सगळं झाडून घेणार. भीमराजच्या आईने जन्मभर त्याच्यामागे हेच केलं होतं, म्हणून भाषेला नाव दिलं आईचं, कस्तुरा. कंपनीच्या कागदोपत्रीही तेच नाव लागलं. दापोडीतल्या रेल्वेकडेच्या त्या गल्लीत आईचं नाव कंपनीच्या यंत्रावर लागलेला मुलगा हा एकच, आणि ही गोष्ट कस्तुराबाई नळावर पाणी भरताना विषय कुठलाही असो, बरोबर त्यात आणत.

आता झाडणी का लागायची, ते एकदा सांगतो आणि पुन्हा सांगत नाही. मेमरीतल्या प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर कस्तुरा एक पट्टी चिकटवायची. त्याला कॉम्प्युटरवाले हेडर म्हणतात. वस्तू कसली, केवढी, कुठल्या खात्याची, कुणी वापरायला घेतली आहे का, आणि झाडताना ठेवायची की फेकायची, हे सगळं त्या हेडरवर. वस्तू असायची काय, तर एका पंपाला किती नट लागतात तो आकडा. आकडा एवढासा आणि त्याच्या डोक्यावरचं हेडर त्याच्या चौपट. म्हणजे मेमरीत माल कमी आणि पट्ट्याच जास्त. जागा भरली की कस्तुरा हातातलं काम सोडून झाडायला बसायची, आणि ती झाडत असेपर्यंत प्रिंटर गप्प.

प्रिंटर गप्प झाला की रांगेतले कामगार कँटीनला जायचे. यात त्यांचं काय चुकलं? चिठ्ठीच नाही तर काम कशाचं करणार? हळूहळू त्याला नाव पडलं, 'झाडणीचा चहा'. कँटीनवाला प्रिंटरचा आवाज थांबला की कढईत भजी सोडायचा. युनियनचा कार्यवाह कोंडीराम शेळके तर खिडकीत डोकावून कौतुकाने विचारायचा, "काय भीमराज भाऊ, कस्तुराबाई आज उशिरा उठल्या का?" आणि काचेपलीकडे अण्णासाहेब उभे. त्यांना काय दिसायचं, तर रांग नाही, माणसं नाहीत, आणि भज्यांचा वास.

एक दिवस त्यांनी भीमराजला बोलावून घेतलं. "ओव्हाळ, दिवाळीच्या आत हे बंद झालं पाहिजे. नाहीतर मी मुंबईहून सल्लागाराचा तयार प्रोग्राम आणतो. तुझी ती कस्तुरा पुसून टाकायची आणि तू चाकणच्या गोदामात बारदानाचा हिशोब बघायला जायचं."

बारदानाचं भीमराजला एवढं वाटलं नाही. पण 'कस्तुरा पुसून टाकायची' हे त्याला लागलं. यंत्रावर आईचं नाव आहे हे त्या माणसाला माहीत होतं. तरी तो तसं म्हणाला, आणि म्हणताना लायटर शोधत होता.

सरळ उपाय होता, जास्तीची मेमरी घ्यायची. त्यासाठी खरेदी खात्यातल्या रंगरावांकडे जावं लागायचं. रंगराव म्हणजे सज्जन माणूस, पण खरेदी खात्यात सज्जन माणूस बसला की कारखान्याचं काय होतं ते बघायला या. त्यांनी आधी विचारलं, मेमरी देशी मिळते का. नाही मिळत. मग आयातीचा परवाना. दिल्लीहून उलट विचारणा आली की ही वस्तू यंत्र आहे की यंत्राचा सुटा भाग, कारण यंत्राची खिडकी वेगळी आणि सुट्या भागाची वेगळी. रंगरावांनी प्रामाणिकपणे कळवलं की यंत्रात बसवली तर भाग, हातात धरली तर यंत्र. त्यानंतर दिल्लीने बोलणंच सोडलं.

मग रंगरावांनीच खटपट करून मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मेमरीचं एक कार्ड बघायला म्हणून मागवलं. ते गाडीतून आलं आणि जकात नाक्यावर अडलं. नाक्यावरच्या यादीत गूळ होता, खोबरं होतं, सायकलचे सुटे भाग होते, मेमरी नव्हती. कारकुनाने विचारलं, "खोक्यात काय?" ड्रायव्हर म्हणाला, "मेमरी." कारकून म्हणाला, "भरलेली का रिकामी?" ड्रायव्हर बिचारा म्हणाला, रिकामी. "रिकामी वस्तू एवढ्या लांबून कोण आणतं?" असं म्हणून कारकुनाने संशयाने ते खोकं नाक्याच्या खोलीत ठेवून घेतलं, आणि मग चाकणच्या बाजारातून आलेली, अशीच कशाने तरी अडलेली कांद्याची पोती त्याच्यावर रचली. आठवडाभराने कार्ड सुटलं तेव्हा त्याचे धातूचे बारीक पाय वाकलेले होते आणि त्याला असा दर्प येत होता की कॉम्प्युटरच्या खोलीत ते आणताच भीमराजच्या डोळ्यांत पाणी आलं. कांद्यामुळे आलं की संतापामुळे, हे त्याने कुणाला सांगितलं नाही.

"काही हरकत नाही," रंगराव म्हणाले, "आपण पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात टाकू."

पुढच्या वर्षी. तोवर कस्तुरा पुसली गेली असती आणि भीमराज चाकणला पोती झटकत बसला असता.

घरी काही बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण दापोडीच्या त्या गल्लीत ठरवलेलं काही टिकत नाही. शेजारच्या केसरबाईंना सगळं आधीच माहीत होतं. केसरबाई त्याच्यासाठी मुलगी बघत होत्या, त्यामुळे त्याच्या नोकरीवर आपला हक्क आहे असं त्यांना वाटे.

"मुलीकडच्यांनी इचारलं, पोरगा काय काम करतो," त्या म्हणाल्या. "तू सध्या काय करतोयस ते नीट सांग, म्हंजी मला सांगता यील."

"वस्तूंच्या डोक्यावरचं ओझं कमी करतो," भीमराज चिडून म्हणाला.

केसरबाईंनी तेच सांगितलं असणार, कारण दोन दिवसांनी निरोप आला की मुलगी हमालाला द्यायची नाही. भीमराजने बी.एस्सी. केलं होतं, भाषा बसवली होती, आणि आता तो हमाल ठरला. त्यावर केसरबाईंचा सल्ला असा की ओझं कमीच करायचं तर अर्धी ओझी रात्रपाळीवर ढकल. अशा सल्ल्याला काय उत्तर द्यायचं असतं ते तुम्हाला माहीत असेल तर सांगा.

आणि तरीही उपाय सापडला तो केसरबाईंमुळेच, हे कबूल केलं पाहिजे. भीमराजने मात्र ते शेवटपर्यंत कबूल केलं नाही. रविवार होता. विहारात खिरीचा कार्यक्रम होता आणि त्यासाठी केसरबाई मोठं पातेलं मागायला आल्या. कस्तुराबाईंच्या घरातली भांडी म्हणजे सबंध गल्लीची भांडी. लग्न असो, बारसं असो, पातेली इथूनच जायची, आणि म्हणूनच प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं होतं. आता पातेल्यावर नाव असलं तर समजू शकतो. पण कस्तुराबाईंच्या चमच्यावरसुद्धा नाव, गाव, साल आणि 'लग्नानिमित्त सप्रेम भेट' हे सगळं कोरलेलं होतं. चमच्याने खाताना ओठाला अक्षरं लागायची. त्या एकेक पातेलं उलटं करून बघत होत्या, हे आपलं, हे आपलं, हे विहाराचंच चुकून आलेलं, आणि केसरबाई ताटकळत उभ्या.

भीमराज मांडणीकडे बघत बसला होता. ताटांच्या फळीवर सगळी ताटं. वाट्यांच्या फळीवर वाट्या. एकाही ताटावर 'ताट' असं लिहिलेलं नव्हतं, आणि लिहायची गरजही नव्हती, फळीवरून कळत होतं. आणि कस्तुरा मात्र प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर 'मी आकडा, मी आकडा' असं लिहीत बसली होती. एका जातीच्या वस्तू एका फळीवर ठेवल्या, जात आणि माप फळीवर एकदाच लिहिलं, कुठली फेकायची याच्या खुणाही फळीच्या कडेला ओळीने मारल्या, आणि उसन्या गेलेल्या वस्तूंची यादी वेगळी ठेवली, तर डोक्यावर उरतं काय? नुसतं नाव. कुठल्या खात्याची वस्तू, तेवढं.

"आणि नाव तरी कशाला पाहिजे?" तो आनंदात मोठ्याने म्हणाला. "नाव काढलं की डोकं मोकळं."

कस्तुराबाईंच्या हातातलं पातेलं तिथंच थांबलं. "कुणाचं नाव काढतूस?"

"तुझ्या भांड्यांचं नाही गं, यंत्रातलं म्हणतोय."

"यंत्राला बी माझंच नाव हाय," त्या म्हणाल्या. "ऐक. तुझ्या आजीला गावात पाणी वरनं ओतायचे, वंजळीत. तिला पेलाच न्हवता कुणी द्यायला. माझ्या घरात एक चमचा बी बिननावाचा ऱ्हानार न्हाई. वजन पडतंय तर पडू दे." आणि त्यांनी पातेलं केसरबाईंच्या हातात असं दिलं की केसरबाई दोन पावलं मागे सरकल्या.

भीमराजला वाईट वाटलं. पण त्याचबरोबर त्याला रागही आला, कारण आई भांड्यांचं बोलत होती आणि तो मेमरीचं बोलत होता, आणि मेमरीतल्या नटाला कुणी वरून पाणी घालत नाही. शास्त्र वेगळं आणि संसार वेगळा, असं स्वतःशी म्हणत त्याने कंपनीत जाऊन मेमरीत तशाच फळ्या मांडायला घेतल्या. नावही काढून टाकलं, वस्तू कुणाची ते ज्याचं त्याला माहीतच असतं म्हणून. फक्त एक बारीक सोय केली: एखादी वस्तू कुठल्या खात्याची ते कळलं नाही, तर ती शेवटच्या खात्यात पाठवायची. प्रत्येक पंप शेवटी रंगखात्यातच जातो. तेव्हा ज्याला कुणी नाही त्याला रंगखातं. त्याला ही सोय फार सुबक वाटली.

दिवाळी तोंडावर आली असताना नवी कस्तुरा चालू झाली. आणि काय सांगू, बघत राहावं अशी चालली. प्रिंटर एकदाही थांबला नाही. चिठ्ठ्या सपासपा बाहेर पडत होत्या, रांग भरभर सरकत होती, मेमरी अर्धी रिकामी होती. अण्णासाहेब काचेशी आले, घड्याळ बघितलं, मान हलवली आणि आत गेले. शाबासकी म्हणून एवढंच. भीमराज त्या मान हलवण्याचा सकाळभर विचार करत होता, ती होकाराची होती की डास झटकला होता.

तेवढ्यात कोंडीराम आला. तो खिडकीतून डोकावला नाही. तो दार उघडून आत आला, बूट न काढता, आणि त्या खोलीत बूट घालून यायची परवानगी अण्णासाहेबांनाही नव्हती.

"भीमराज," तो म्हणाला, 'भाऊ' गळालं होतं, "तुझा बाप माझ्याबरोबर फाउंड्रीत व्हता. ओतकामाच्या धगीत उभा ऱ्हायला. आणि त्याच्या पोरानं आमचा चहा तोडला?"

"कोंडीरामभाऊ, मी चहा नाही तोडला. मी हेडर कमी केलं."

"काय कमी केलंस ते मला नगं सांगू. रोजच्या येळेला कढईत भजी पडली आणि खायला माणूस न्हाई. कँटीनवाला रडायला लागलाय. ही रूढ सवलत हाय. वर्सानुवर्सं मिळालेली सवलत काढून घेता येत न्हाई, हे कोर्टात बी चालत न्हाई."

आता यावर कुणाचा संताप होणार नाही? ज्या झाडणीबद्दल त्याला महिनाभर शिव्या खाव्या लागल्या, ती बंद केल्याबद्दलही शिव्याच. भीमराज म्हणाला, यंत्राला विश्रांती लागते ती त्याची गरज असते, ती सवलत नसते. कोंडीराम म्हणाला, मग आमची गरज ही गरज न्हाई का? भीमराज प्रिंटरमधल्या चिठ्ठ्या फाडायला लागला.

दुपारी रंगखात्यातून ओरड आली.

झालं असं होतं की नाव नसलेल्या वस्तूंच्या चिठ्ठ्या, ठरल्याप्रमाणे, रंगखात्यात गेल्या. आणि नाव तर कुणालाच उरलं नव्हतं. रंगखात्यातली माणसं शहाणी. चिठ्ठी आली की रंग द्यायचा, विचारत बसायचं नाही, विचारलं की ओव्हरटाइम बुडतो. त्यांनी अजून भोकं न पाडलेल्या पंपांना हिरवा रंग दिला. कास्टिंगच्या कच्च्या तुकड्यांना दिला. मग हाती आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं 'टेबल, शिसवी', म्हणून ते सुतारखात्यात गेले, ताडपत्रीखालचं नक्षीदार शिसवी टेबल उचलून आणलं, आणि त्यालाही पंपाचा हिरवा रंग दोन हात दिला. नक्षीत नीट जावा म्हणून बारीक ब्रशने.

ते टेबल अण्णासाहेबांच्या मुलीच्या लग्नात द्यायचं होतं. कंपनीच्या लाकडात, कंपनीच्या सुतारांकडून, कंपनीच्या वेळात ते बनत होतं, आणि कुणा उत्साही सुताराने काम चोख व्हावं म्हणून ते रीतसर कॉम्प्युटरवर चढवलं होतं.

अण्णासाहेबांनी ताबडतोब सभा बोलावली. सगळे खातेप्रमुख हजर. कोंडीराम हजर. भीमराज दाराशी उभा, त्याला कुणी बस म्हणालं नाही. अण्णासाहेब लालबुंद झाले होते. "पुरे झाला हा पोरखेळ," ते म्हणाले. "उद्या मुंबईला फोन. ही कस्तुरा उद्याच्या उद्या पुसून टाका."

नळावर आई काय सांगेल, हे एकच भीमराजच्या डोक्यात आलं.

"पुसा की," कोंडीराम शांतपणे म्हणाला. "आमची हरकत न्हाई. फक्त पुसायच्या आधी चौकशी व्हावी, की काय काय रंगलं. पंप रंगले, कास्टिंग रंगलं. टेबल बी रंगलं म्हणत्यात. ते कुठल्या ऑर्डरचं, कुठल्या गिऱ्हाइकाचं, ते यंत्रातच असणार. यंत्र पुसलं की पुरावा गेला, आमचं एवढंच म्हणणं."

सभेत कुणी कुणाकडे बघेना. अण्णासाहेब लायटर शोधू लागले. रंगरावांनी आपला लायटर पुढे केला, तोही पेटेना.

त्यानंतरची सभा मात्र फार सलोख्याने झाली. कस्तुरा राहील, असं अण्णासाहेबच म्हणाले, मुंबईच्या माणसांना आपल्या कारखान्याचं काय कळणार. पण घोटाळा नको, म्हणून प्रत्येक वस्तूच्या डोक्यावर खात्याचं नाव पाहिजे. ते मान्य झालं. मग ओतखात्याचे प्रमुख म्हणाले, खात्याबरोबर प्रमुखाचंही असू द्या. तपासणीवाले म्हणाले, तपासणाऱ्याचं राहिलं. रंगराव हळूच म्हणाले, जकातीची पावती जोडता आली तर बरं. मेमरी अर्धी मोकळी आहे ही बातमी एव्हाना सगळीकडे पसरली होती, आणि मोकळी जागा बघून कुणाला राहवत नव्हतं. रंगखात्याने तर रंगाचं नाव दोन भाषांत मागितलं. भीमराज दाराशी उभा राहून बघत होता आणि त्याने महिनाभर घासून हलकं केलेलं डोकं पुन्हा भरत चाललं होतं, पहिल्यापेक्षा जड.

शेवटी झाडणीचा मुद्दा आला. भीमराज पुढे झाला. "साहेब, झाडणीची आता गरज नाही. चहाच पाहिजे असेल तर मी रोज सकाळी यंत्र नुसतं थांबवून ठेवतो."

कोंडीरामला ते फार लागलं. "नुसतं? म्हंजी यंत्र फुकट उभं आणि आमी फुकट बसायचं? आमी फुकट खाणारी माणसं न्हाई. यंत्र झाडतंय, काम करतंय, म्हणून आमी थांबतो. झाडणी खरी पाहिजे."

"खरी," अण्णासाहेबांनी तोंडातली न पेटलेली सिगारेट काढून मान्य केलं, आणि ते करारात गेलं. कंपनी आणि युनियन यांच्यातल्या करारात, शिक्क्यासकट: कस्तुराची झाडणी ही कामगारांची सवलत राहील आणि युनियनला विचारल्याशिवाय कस्तुराच्या जागी दुसरी भाषा आणता येणार नाही. म्हणजे भीमराजने जी गोष्ट बंद करण्यासाठी जिवाचं रान केलं, तिच्याच आधाराने त्याच्या आईचं नाव यंत्रावर कायम झालं. याचा आनंद मानावा की राग धरावा, हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने सवयीने राग धरला.

मेमरीतल्या फळ्या मात्र त्याने तशाच ठेवल्या. फळ्या नसत्या तर एवढी बोजड हेडरं त्या मेमरीत एक दिवस मावली नसती. ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती, आणि त्याने सांगितली असती तरी कुणी ऐकली नसती.

दिवाळीला युनियनने त्याला भेट दिली. गेटवर हार वगैरे घातला, कोंडीरामने 'भाऊ' परत चालू केलं, आणि हातात स्टीलचा पेला दिला. पेला लहानसा, पण काठापासून बुडापर्यंत कोरलेला. संघटनेचं नाव, शाखेचं नाव, अध्यक्षांचं, उपाध्यक्षांचं, कार्यवाह कोंडीराम शेळके यांचं जरा मोठ्या अक्षरात, मग पिंपरी, साल, 'झाडणी सवलत कायम झाल्याबद्दल सप्रेम भेट'. भीमराजने पेला गोल फिरवला. पुन्हा फिरवला. सगळे होते. फक्त भेट कुणाला, ते नव्हतं. कोंडीराम जरा ओशाळला. "जागा सरली रं भाऊ. नाव घालणारा म्हणाला, एक कायतरी गाळा. मंग इचार केला, पेला तुझ्याकडंच ऱ्हाणार, तुला तर माहीतच हाय तुझा हाय म्हणून."

भीमराजने पेला आणखी एकदा फिरवला. अगदी हाच विचार करून त्याने यंत्रातली नावं गाळली होती.

घरी आल्यावर त्याने पेला मांडणीत मागे सारून ठेवला. पण कस्तुराबाईंच्या मांडणीत काही लपत नाही. त्यांना वाचता यायचं नाही, पण आपलं नाव कसं दिसतं ते हजार भांड्यांवर बघून पाठ होतं. त्यांनी पेला दिव्याजवळ नेला, बोटाने अक्षरं चाचपत एक फेरी पुरी केली आणि म्हणाल्या, "ह्यात आपलं न्हाई."

"असू दे गं. जागा नव्हती."

"असू दे कसं?" त्या चप्पल घालून तशाच निघाल्या, पेला पदराखाली. नाव घालणाऱ्याने पेला फिरवून फिरवून बघितला आणि सांगितलं, बाई, मुंगी बसायला जागा नाही. कस्तुराबाई तिथून हलल्या नाहीत. गल्लीतली निम्मी भांडी त्याच्याकडे आपण आणतो, हे त्यांनी त्याला दोनदा ऐकवलं. शेवटी त्याने पेला उपडा केला, मग सुलटा केला, आणि आत कोरणी घालून टर्रर्र करत काहीतरी कोरलं.

दिवाळीनंतर शिफ्ट लागली. प्रिंटर थोडा वेळ चालला आणि गप्प झाला. कस्तुरा झाडायला बसली, आणि आता डोक्यावरची ओझी वाढल्यामुळे पहिल्यापेक्षा निवांत बसली. आजवर झाडणीच्या वेळी भीमराज यंत्रापाशी हात चोळत उभा राहायचा. त्या दिवशी तो म्हणाला, खड्ड्यात जाऊ दे, आणि पेला घेऊन कँटीनला गेला. अण्णासाहेब काचेतून बघत होते. बघू दे म्हणाला.

भजी गरम होती. कामगारांनी सरकून जागा दिली. तो अजून धुसफुसतच होता, सल्लागारावर, दिल्लीवर, कांद्यावर, सगळ्यांवर. चहा पीत पीत तळाशी आला तेव्हा पेल्यात अक्षरं दिसली. त्याने शेवटचा घोट घेतला आणि वाचलं: 'भीमराज, कस्तुराचा'.

तो बराच वेळ रिकामा पेला तोंडाशी धरून बसला, कारण खाली ठेवला असता तर सगळ्यांना त्याचं तोंड दिसलं असतं.

"भाऊ, झाला असंल चहा तर दे की जरा पेला," शेजारून कोंडीराम म्हणाला. "कँटीनवाल्याचे सरले."

भीमराजने पेला शर्टाच्या कडेने पुसला आणि पुढे केला.

"घ्या," तो म्हणाला. "पण तळापर्यंत प्या, आणि नाव बघून परत करा."